बर्णबा अण्णांचं तिसरं कडवं

मंडळी, ऐका. या सृष्टीत देवाच्या खालोखाल सामर्थ्य कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगेन: रागावलेल्या बापाचं. वादळ शमेल, समुद्र दुभंगेल, यरीहोचा तट कोसळेल, पण एकदा रागावलेला बाप जागचा हलणार नाही. तो पर्वत आहे. तो बुरूज आहे. हलतो तो फक्त आतून ‘जेवायला वाढलंय’ अशी हाक आली की. तेव्हाही भिंतीकडं तोंड करून बसतो आणि चपाती मात्र चौथीही घेतो.

तर आजचा प्रश्न असा. मनात राग धरून माणूस देवापुढं गाऊ शकतो का?

गातो. दर रविवारी गातो. आपण सगळेच गातो, त्यात विशेष काही नाही. खरा प्रश्न हा, की ते भजन वर पोचतं, का छताला थडकून आपल्याच डोक्यावर पडतं? आपलं छत पत्र्याचं आहे, त्यामुळं आवाज मोठा येतो. त्यावर जाऊ नका. प्रभूनं या बाबतीत स्पष्ट सांगून ठेवलंय, आधी भावाशी समेट, मग वेदीवर भेट. आपण काय करतो? आधी भेट, मग चहा, आणि समेटाचं पुढच्या उपवासकाळात बघू. पेटीवाले दादा, तुम्ही हसू नका. तुमचं घर मला माहीत आहे.

गोष्ट आपल्याच नगर जिल्ह्यातली. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण त्या गावची चार माणसं इथं बसलीत आणि त्यांनी आत्ताच माना खाली घातल्या.

तिथं होते बर्णबा वैरागर. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर. दिवसभर बैलाचा पाय धरायचा, म्हशीच्या तोंडात औषधाची नळी घालायची, लाथा चुकवायच्या. संध्याकाळी घरी येऊन तीनदा साबणानं हात धुवायचे आणि ओट्यावर पेटी घेऊन बसायचं. कुणी शिकवलं नव्हतं. कानानं शिकले. चर्चमध्ये बावीस वर्षं पेटी तेच वाजवत, एक पैसा न घेता. बोटात जादू होती हो. गळा मात्र देवानं दिला नव्हता. अण्णा एकटे गायला लागले की दवाखान्यातली आजारी जनावरं उठून उभी राहत. डॉक्टर म्हणायचे, ‘वैरागर, आता इंजेक्शन नको, तुम्ही एक भजन म्हणा.’

आणि मतं? मतं तर अण्णांकडं ज्वारीच्या कोठारासारखी. कुणीही यावं, मापटंभर घेऊन जावं. बटण दाबलं की तबला वाजतो ती नवी पेटी म्हणजे सैतानाचं यंत्र, कारण ते चुकत नाही, आणि जे चुकत नाही ते पश्चात्ताप कसा करणार? पडद्यावर भजनाचे शब्द दाखवणं म्हणजे आळस. एकानं ओळ सांगावी, मंडळीनं मागून म्हणावी, तेव्हा ती काळजात उतरते. टाळ्या चुकीच्या मात्रेवर वाजवणाऱ्यांना प्रभुभोजन देऊ नये. उपासनेनंतरचा चहा इतका पातळ असतो, की काना गावच्या लग्नात प्रभूनं पाण्याचा द्राक्षारस केला तो चमत्कार उलटा झाल्यासारखा वाटतो. सगळं रागानं. अण्णा ‘सुप्रभात’सुद्धा असं म्हणायचे की समोरच्याला वाटावं, आपली काहीतरी चौकशी लागली.

पण सगळ्यांत मोठा राग एकाच गोष्टीचा. तिसऱ्या कडव्याचा.

तुम्हाला ठाऊकच आहे. भजनाला चार कडवी असतात. पाळक उभे राहतात, घड्याळाकडं बघतात आणि म्हणतात, ‘पहिलं, दुसरं आणि शेवटचं.’ झालं. तिसरं गेलं. बिचाऱ्या तिसऱ्या कडव्याचा गुन्हा काय? लिहिणाऱ्यानं रक्त आटवून लिहिलेलं असतं, पण प्रवचन पन्नास मिनिटं चालतं ना. ते कुणी गाळत नाही.

अण्णा दर रविवारी पायरीवर पाळकसाहेबांना गाठायचे. पाळक होते रेव्हरंड त्रिभुवन, भला माणूस. भला माणूस हीच त्यांची अडचण.

‘पाळकसाहेब, प्रभू मरणातून कितव्या दिवशी उठला?’

‘तिसऱ्या, अण्णा.’

‘तुमच्या हातात असतं तर काय झालं असतं सांगू? शुक्रवार, शनिवार आणि थेट सोमवार.’

पाळकसाहेब हसायचे. अण्णा नाही हसायचे. बावीस वर्षं.

आता ऐका, गाठ कुठं पडली ते. अण्णांना एकच लेक. रिबेका. घरात रिबा. बापाचा गळा तिला नाही आला, ही देवाची पहिली कृपा. कान मात्र बापाचा आला. सहा वर्षांची असल्यापासून पेटीशेजारी उभी राहून गायची. पुढं नर्स झाली, नगरला नोकरीला लागली, पण शनिवारी घरी यायची आणि रविवारी गायची. बाप वाजवतोय, लेक गातेय. अण्णांच्या चेहऱ्यावरचा राग आठवड्यातून तेवढी साडेचार मिनिटं उतरायचा. तीन कडव्यांना तेवढीच लागतात.

मागल्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, जालन्याहून हिवाळे मंडळी आली. रिबाला बघायला. आपल्याकडं मुलगी चर्चमध्ये बघतात, तिथं पोहे करावे लागत नाहीत. मुलगा, आई, वडील, एक आत्या, तिसऱ्या बाकावर रांगेत. रिबानं पंधरा दिवस एक भजन बसवलं होतं. काळी चारमध्ये. म्हणजे पेटीची जी चौथी काळी पट्टी, तिला सा धरून.

अण्णा पेटीवर बसले. हिवाळ्यांकडं एक नजर टाकली. छाती फुगली, आणि बोट पडलं काळी पाचवर, एक पट्टी वर.

ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोज तुम्ही अंधारात उंबरा ओलांडता, पायाला सवय असते. एके दिवशी कुणी उंबऱ्याच्या जागी ओटा बांधून ठेवला तर? तोंडावर पडाल. तसं गळ्याचं होतं. रिबानं पहिलं कडवं ओढून नेलं. दुसऱ्यात वरचा सूर आला आणि आवाज फाटला. चारचौघांत, पाहुण्यांदेखत.

अण्णांना तेव्हाच कळलं होतं बरं का. बोटाखाली बघितलं आणि कळलं. भाता मागं जाऊन पुढं येतो एवढा वेळ हातात होता. तेवढ्या वेळात माणूस म्हणू शकतो, ‘माझी पट्टी चुकली, पुन्हा घेऊ.’ पण तिसऱ्या बाकावर होऊ घातलेले व्याही बसलेले. बावीस वर्षांचं नाव. अण्णांनी भाता बंद केला आणि म्हणाले, ‘बस खाली. रियाज करायचा नाही आणि इथं येऊन उभं राहायचं. बेसूर.’

बाहेर बांधलेली शेळी ओरडली ती अख्ख्या चर्चला ऐकू आली. रिबानं पेटीकडं एकदा बघितलं. बापाकडं एकदा बघितलं. आणि खाली बसली.

लग्न जुळलं. मुलाच्या आईला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, ही देवाची दुसरी कृपा. पण त्या दिवसापासून रिबा गायली नाही. आणि बापाशी बोलली नाही. शनिवारी घरी यायची, आईशी बोलायची.

‘आई, त्यांना सांग, त्यांची ब्लडप्रेशरची गोळी संपलीय.’

‘दीना, तिला सांग, मला दिसतंय.’

‘आई, त्यांना सांग, दिसतंय तर आणली का नाही.’

मधे दीनाबाई. हातात पोळपाट घेऊन टेलिफोनची तार झाल्या होत्या. दहा महिने.

अण्णा तिच्यावर रागावले होते. तुम्ही म्हणाल, चूक यांची आणि राग यांनाच कसा? अहो, चुकलेल्याचाच राग जास्त टिकतो. ज्याचं बरोबर असतं तो चार दिवसांनी दमतो, झोपी जातो. चुकलेल्याला राग खाली ठेवून चालत नाही. खाली ठेवला की हात रिकामे होतात, आणि रिकाम्या हातांकडं बघावं लागतं.

लग्नाची तारीख धरली. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की लग्नं होत नाहीत, म्हणून त्याच्या आधीचा शनिवार. आता आपली रीत काय? बापानं लेकीचा हात धरून तिला वेदीपर्यंत आणायचं. रिबानं आईला सांगितलं, ‘माझ्याबरोबर याकोबमामा चालतील. त्यांना सांग, पेटी वाजवताय ना, वाजवा.’

दीनाबाईंनी निरोप दिला. अण्णा ओट्यावर पेटी उघडून तिच्या पट्ट्या फडक्यानं पुसत होते. पुसतच राहिले.

‘याकोब? त्याचा गुडघा दुखतो.’

‘तो म्हणतो, चालेन.’

‘चालू दे. पडू दे मधेच. मला काय करायचंय? पेटी तरी कशाला वाजवू मी? बटणाची आणा. ती चुकत नाही.’

दीनाबाई जवळ बसल्या. म्हणाल्या, ‘तिच्याशी एकदा बोला की हो.’

‘काय बोलू?’

‘मला पेटीतलं कळत नाही. पण त्या रविवारी घरी येऊन तुम्ही जेवला नव्हता. पोरगी चुकली म्हणून तुम्ही आजवर कधी उपाशी राहिला नाहीत. उलट दोन घास जास्त खाता.’

मंडळी, बाई शिकलेली सातवी. आम्ही प्रवचनकार पन्नास मिनिटं घेतो.

अण्णा पुन्हा पट्ट्या पुसायला लागले. पण बाण बसला. पोरगी आता जालन्याला जाणार. अशीच, न बोलता. वेदीपासून दारापर्यंत, दारापासून गाडीपर्यंत, आणि संपलं. अण्णांना कळलं, की आता बोललंच पाहिजे. तोंडानं बोलायचं तर किती? ‘रिबा, पट्टी मी चुकलो होतो.’ पाच शब्द. अण्णांनी काय केलं? त्याचं भजन लिहिलं.

हसता काय? तुमच्यातले निम्मे तर व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल पाठवून माफी मागतात.

त्यांचा हिशेब बघा. लग्नात शपथा झाल्या की वधूच्या घरचं एक भजन असतं. आपण नवं लिहायचं. शाळेतल्या जुन्या फिलीप मास्तरांनी ओळ सांगायची, मंडळीनं मागून म्हणायची. म्हणजे माफी मागणार दोनशे माणसं, आणि अण्णा नुसती पेटी वाजवणार. खाली मान घालून. वा रे बाप.

कडवी चार. पहिलं सृष्टीचं, सूर्य-चंद्राचं. दुसरं वधूवरांचं. आणि शेवटचं होतं ते खरं. त्यासाठी तीन आठवडे लागले. ते असं होतं:

पट्टी चुकलो बाप मी, देवा, दोष दिला मी लेकीला,
सूर तिचा तो खराच होता, खोट होती या बोटाला.

आणि तिसरं? मंडळी, बावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस. त्याला पक्कं ठाऊक, तिसरं गाळणार. तीनच कडवी लिहावीत तर पाळकसाहेब त्यातलं कुठलं गाळतील याचा भरवसा नाही. म्हणून गाळायला एक कडवं मधे उभं केलं, शेतात बुजगावणं करतात तसं. दवाखान्यात बसल्या बसल्या, केसपेपरच्या पाठीवर, पाच मिनिटांत. त्या महिन्यात तालुक्यात जनावरांना लाळ्या-खुरकत आली होती. डोक्यात तेच. लिहून टाकलं. कोण म्हणणार आहे?

लग्नाचा दिवस उजाडला. चर्च भरलं. बाहेर मांडवात पुऱ्या तळायला घेतलेल्या. रिबा आली याकोबमामाचा हात धरून. मामा लंगडतोय, आणि पोरगी त्याला सांभाळत आणतेय. अण्णा पेटीवर. मान वर केली नाही. पण एक केलं. चाल अर्ध्या लयीत घेतली. तबल्यावरच्या माणसानं डोळे वटारले, अण्णांनी बघितलं नाही. लय अर्धी, म्हणजे पावलं सावकाश. दारापासून वेदीपर्यंत पोरीला जास्त वेळ लागेल. तेवढाच वेळ ती बापाच्या पेटीवर चालेल. याकोबमामाला वाटलं, आपल्या गुडघ्यासाठी केलं. त्यानं मान डोलावून आभार मानले.

शपथा झाल्या. अंगठ्या झाल्या. पाळकसाहेब उभे राहिले. घड्याळाकडं बघितलं. मग अण्णांकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा प्रेमानं असा उजळला, की अण्णा सावध झाले.

‘प्रिय मंडळी, यानंतर आपल्या बर्णबा अण्णांनी स्वतः रचलेलं भजन. बावीस वर्षं या माणसानं सेवा केली आणि माझ्याकडं एकच मागणं मागितलं. तिसरं कडवं गाळू नका. मी पापी माणूस, नेहमी गाळत आलो. पण काना गावचं लग्न तिसऱ्याच दिवशी झालं होतं. तेव्हा आज या लग्नात आपण अण्णांना भेट देऊ. आज पहिलं, दुसरं आणि तिसरं. शेवटचं वेळेअभावी राहू द्या, पुऱ्या गार होतील.’

आणि मंडळीनं टाळ्या वाजवल्या. योग्य मात्रेवर, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

‘पाळकसाहेब, नको,’ अण्णा अर्धे उठले.

‘अण्णा, आज संकोच नाही.’

‘अहो, पण ते शेवटचं...’

‘शेवटचं तर आपण नेहमीच म्हणतो. आज तिसऱ्याचा मान.’

आता काय बोलणार? ज्यासाठी बावीस वर्षं पायरीवर भांडले, तेच पदरात पडलं होतं. खाली बसले. पेटी सुरू केली.

पहिलं झालं. दुसरं झालं. फिलीप मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मास्तर चाळीस वर्षं शाळेत कविता शिकवलेले. समोर काय लिहिलंय याचा विचार ते नंतर करायचे. डोळे मिटून, गळ्यात भक्ती आणून त्यांनी ओळ सोडली:

गाई-म्हशी अन् शेळ्या-मेंढ्या, तूच तयांचा वाली रे...

दोनशे माणसांनी मागून म्हटलं. जरा चाचरत, पण म्हटलं. लग्नाचं आहे, काहीतरी गूढ अर्थ असेल.

खूर तयांचे बरे कर, देवा, लाळ तयांची आवर रे...

हेही म्हटलं. मंडळी आज्ञाधारक हो. पुढं बसलेल्या हिवाळेबाईंनी हात जोडून ‘आमेन’ म्हटलं. नवरदेवानं रुमाल काढून तोंडावर धरला. मागच्या बाकांवर कुणीतरी खोकल्याचं सोंग घेतलं, मग दुसऱ्यानं, मग अख्ख्या डाव्या बाजूला सर्दी झाली. नवरीच्या डोक्यावरची पांढरी जाळी हलत होती. अण्णांना नुसती पाठ दिसत होती. हसतेय का रडतेय, काही कळेना. बावीस वर्षांचं नाव पाचच मिनिटांत लाळेत वाहून गेलं.

पाळकसाहेब गंभीरपणे म्हणाले, ‘आपण प्रार्थना करू.’

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण पेटीचा सूर थांबला नाही. अण्णांचा हात भात्यावरून निघत नव्हता. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला.

‘अण्णा, प्रार्थना.’

‘नाही.’

‘काय झालं?’

‘शेवटचं राहिलंय.’

‘अण्णा, वेळ...’

मग मंडळी, बुरूज हलला. अण्णा उभे राहिले ते पेटी बाजूला सारूनच. चेहरा लालबुंद. ‘वेळ? बावीस वर्षं तुमच्या वेळेचंच ऐकतोय मी. पन्नास मिनिटं प्रवचनाला आहेत, आणि माणसाला एक कडवं म्हणायला वेळ नाही? अहो, जे म्हणायचं होतं ते शेवटच्यात होतं. तिसऱ्यात नुसती गुरं होती.’

‘अण्णा, शांत व्हा,’ याकोबमामा म्हणाला.

‘तू बस. तुझा गुडघा दुखतोय.’ मग ते पोरीच्या पाठीकडं वळले आणि जे ओरडले, ते पुऱ्या तळणाऱ्यानंही ऐकलं. ‘झावळ्यांच्या रविवारी पट्टी मी चुकलो होतो. मी. ही नाही. काळी चार ठरली होती, मी काळी पाच धरली. आणि मला तिथंच कळलं होतं. कळून मी हिला बेसूर म्हटलं, खाली बसवलं. ऐकलंत का सगळ्यांनी? मागं ऐकू आलं? का पुन्हा सांगू?’

मंडळी, इतक्या रागानं माफी मागितलेली मी दुसरी ऐकली नाही. बाप माफी मागतोय का मारायला उठलाय, हेच कुणाला कळेना. दीनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

रिबा सावकाश वळली. जाळी वर केली. डोळे ओले होते, पण नजर... नजर बापाचीच. धगधगती.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘तुम्ही काळी पाच धरली होती ते. पहिल्याच सुराला कळलं. कान तुम्हीच दिलाय ना?’

‘मग बोलली का नाहीस?’

‘मी बोलायचं? पट्टी तुम्ही चुकलात आणि सांगायचं मी? बेसूर म्हणालात त्याचा राग नव्हता मला, अण्णा. लहानपणापासून रोज म्हणायचात. मी पेटीकडं बघितलं, तुम्ही पण बघितलं. आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. आणि तरी तुम्ही मला बसू दिलंत. दहा महिने रोज वाट बघितली मी, आज सांगतील, आज सांगतील. तुम्ही काय केलंत? गुरांवर भजन लिहिलंत.’

अण्णा म्हणाले, ‘गुरांचं तिसरं आहे. गाळायचं होतं.’

कुणी हसलं नाही. हसू येत होतं, पण कुणी हसलं नाही.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, ‘मग आता शेवटचं कडवं घ्यायचं का?’

तुम्हाला वाटेल, आता पोरगी पेटीशेजारी जाऊन उभी राहिली, बाप वाजवायला लागला, सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. तसं झालं असतं तर मलाही बरं होतं, इथं एक चाल म्हणता आली असती. तसं झालं नाही. रिबानं हात पुढं केला आणि म्हणाली, ‘तो कागद द्या. जालन्याला जाऊन वाचीन. गायचं का नाही ते मग ठरवीन.’

अण्णांनी फिलीप मास्तरांच्या हातून कागद घेतला, नीट घडी केली आणि दिली. ती घेताना तिचा हात बापाच्या हाताला लागला. दोघांनीही तो लगेच मागं घेतला नाही. तेवढंच. मग ती नवऱ्याबरोबर बाहेर गेली. पुऱ्या गार झाल्या होत्या. खाल्ल्या लोकांनी.

चौदा दिवसांनी दीनाबाईंच्या फोनवर निरोप आला. दीनाबाईंनी चष्मा लावून वाचला. ‘अण्णांना सांग, शेवटच्या कडव्यात दुसरी ओळ ओढून ताणून बसवलीय, पुन्हा लिहा. तिसरं मात्र उत्तम आहे. ते गाळू नका.’

अण्णा भडकले. म्हणाले, ‘तिला सांग, मला शिकवू नको.’

दीनाबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला. ‘तुम्हीच सांगा. माझी तार तुटलीय.’

आणि अण्णांनी लावला फोन. पाऊण तास भांडले बापलेक, दुसऱ्या ओळीवरून. दीनाबाई म्हणतात, दहा महिन्यांत घरात इतका गोड आवाज आला नव्हता.

आता मंडळी, तुमच्याकडं येतो.

हसलात. पोटभर हसलात. अण्णांचं बोट काळी पाचवर पडलं याची गंमत वाटली. आणि तुमचं बोट कुठं पडलंय? उजवीकडच्या चौथ्या बाकावर दोन सख्खे भाऊ बसलेत, मधे खांब ठेवून. गेली सहा वर्षं दर रविवारी त्याच खांबाच्या दोन बाजूंना. खांब बांधला छत धरायला, हे त्याचा उपयोग भाऊ झाकायला करतायत. पलीकडं एक सासूबाई आहेत, प्रार्थनेत जगातल्या सगळ्या राष्ट्रांसाठी शांती मागतात आणि घरी सुनेच्या हातचा चहा घेत नाहीत. इथं एक बाप बसलाय, त्याचा मुलगा पुण्यात आहे. मुलाचा वाढदिवस पाळकांच्या तोंडून जाहीर करवून घेतो आणि स्वतः फोन करत नाही. म्हणजे काय केलंत? जे आपण म्हणायचं, ते मंडळीच्या तोंडात घातलंत. दोनशे माणसं तुमच्या वतीनं गातायत आणि तुम्ही खाली मान घालून भाता ओढताय. मला राग येतो याचा. कीर्तनकाराला येऊ नये, पण येतो.

मी म्हणत नाही, गळ्यात पडा. नाटकं नकोत. मी म्हणत नाही, राग सोडा. रागानंच म्हणा हवं तर. प्रभूनंही एकदा मंदिरात आसूड उचलला होता, त्याला राग कळतो. पण नाव घेऊन म्हणा, तोंडानं म्हणा, ज्याला म्हणायचं त्यालाच म्हणा. माफी मागताना आवाज चढला तर चढू द्या. शब्द मात्र गाळू नका. विचारलं होतं ना, रागात गायलेलं भजन वर पोचतं का? पोचतं. पण वरचा ऐकणारा पहिली चौकशी गाळलेल्या कडव्याचीच करतो. आणि त्याला वेळेअभावी वगैरे सांगून भागत नाही, त्याच्याकडं वेळ भरपूर आहे.

तेव्हा आज घरी जाऊन कुणाचं दार वाजवायचं ते ठरवा. आत्ता ठरवा. डोळे मिटा, मन उघडा, आपण सगळे मिळून त्या एका माणसाचं नाव मनात घेऊ.

आणि डोळे मिटायच्या आधी एक विनंती. फाटकात आडवी लावलेली ती निळी स्कूटी कुणाची असेल त्यांनी काढून घ्या, चहाचं पातेलं आत येत नाहीये.